भरावाखाली राहून गेलेली मोरी

अंकुशराव हट्टी होते की बरोबर होते, या एकाच प्रश्नाचे उत्तर शोधण्यासाठी मी हा लेख लिहायला घेतला. ते गेल्याचे त्यांच्या मुलीने धावड्याहून फोनवर कळवले, तेव्हा मी भोकरदनच्या बसमध्ये होतो. "सर, अण्णा गेले," एवढेच ती म्हणाली. त्याला पाच आठवडे झाले. दुःख थोडे निवले आहे. राग निवलेला नाही.

अंकुशराव निवृत्त मोजणीदार, मी भूगोलाचा शिक्षक. नव्या लोहमार्गाची आखणी सुरू झाली तेव्हा मी हरखलो होतो. स्थानकाच्या छपरावर सौरपट्ट्या, पावसाचे पाणी साठवणारी टाकी, देशी झाडे... वर्गात धडा समजावावा तसा तो आराखडा मी लोकांना समजावून सांगत असे. अंकुशराव शांतपणे ऐकून विचारत, "सर, छपराचं पाणी टाकीत जाईन, बराबर. रानातलं कुठं जाईन?"

आमच्या भागात उथळ ओढा उन्हाळ्यात नांगरून पेरणीखाली घेतात. जोराचा पाऊस झाला की तो आपल्या वाटेने पुन्हा वाहतो. पाहणीचे पथक आले ते भर मे महिन्यात. त्यांना फक्त ढेकळे दिसली. ओढ्याची नोंद झाली तर तेवढी जमीन हातची जाईल, या भीतीने शेतकऱ्यांनीही "समदं रानच हाये" असे सांगितले. मी तिथेच उभा होतो आणि गप्प राहिलो. बोलले एकटे अंकुशराव.

"साहेब, उन्हाळ्यात वढा झोपेल असतो. तुम्ही तर मेला म्हणून लिव्हून राह्यले!"

तरुण अभियंता हसला. "काका, जुन्या नकाशातही इथे ओढा नाही."

"तो नकाशा म्याच काढेल हाये, बाबा. मीबी उन्हाळ्यातच आल्तो."

सगळे हसले. तरुणपणातली ती चूक निस्तरण्यासाठी हा माणूस पुढे दोन वर्षे अर्ज घेऊन फिरला. मागणी एवढीच, की रुळांसाठीच्या मातीच्या भरावाखाली त्या जागी एक मोरी ठेवा, पाण्याला पलीकडे जाऊ द्या. उत्तर आले की प्रकल्प पर्यावरणपूरक असल्याचे आधीच मान्य झाले आहे. कोणी मान्य केले? ओढा न पाहिलेल्यांनी!

गेल्या पावसाळ्यात भरावाच्या वरच्या अंगाचा कापूस साचलेल्या पाण्यात सडला. खालच्या अंगाच्या विहिरी भरल्याच नाहीत. त्याच दिवसांत स्थानकावर समारंभ होऊन हरित बांधकामाची पाटी लागली. टाळ्या वाजल्या. अंकुशराव बोलायला उठले, तर त्यांना खांद्याला धरून खाली बसवण्यात आले.

दवाखान्यातल्या शेवटच्या भेटीत ते म्हणाले, "सर, तुम्ही शिकेल माणूस. तवा का बोलले न्हाई?"

तो प्रश्न घेऊन मी घरी आलो... अजूनही तो माझ्यापाशीच आहे.

लेखाच्या प्रश्नाचे उत्तर मात्र मिळाले आहे. ते बरोबर होते, आणि आम्ही गप्प बसल्यामुळे त्यांना एकट्याला हट्टी व्हावे लागले. मोरी भराव फोडून आजही घालता येते. त्यासाठीचा अर्ज मी परवा माझ्या सहीने दिला. पाहणीच्या दिवशी मी तिथे हजर होतो आणि बोललो नाही, हेही त्यात लिहिले आहे.

माझ्या शब्दावर विसंबू नका. येत्या पावसाळ्यात धावड्याजवळच्या त्या भरावाच्या दोन्ही अंगांना उभे राहा आणि पाणी कुठे आहे, कुठे नाही, ते स्वतः तपासून पाहा.