सातव्या थप्पीची सळई

भुताखेतांच्या गोष्टी सांगणाऱ्यांची मी आयुष्यभर टर उडवली. अमावस्येला कुणी नारळ फोडला की विचारायचो, खोबरं कोण खाणार? त्यामुळे कुणी विश्वास ठेवावा म्हणून हे लिहीत नाहीये. परवा नातू डोंबिवलीच्या दुकानात लावायला आगीची सूचना देणारी यंत्रं मोबाईलवर बघत होता... "आजोबा, धूर ओळखणारं घेऊ की ज्वाळा ओळखणारं?" मी उठून गॅलरीत जाऊन बसलो.

एकोणीसशे पन्नासनंतरची गोष्ट. आंबिवली स्टेशनपासून दहा मिनिटांवर गवताची वखार होती. तिथून दाबलेल्या गासड्या मुंबईच्या तबेल्यांना जायच्या. मी तिथे कारकून – हंगामी. कायम करतो, करतो म्हणत शेठनी मला दोन वर्षं झुलवत ठेवलेलं.

गवत थोडं ओलं राहिलं की गासड्यांच्या थप्पीच्या पोटात ते आपोआप तापतं आणि एक दिवस पेटतं. त्यावर लक्ष ठेवायचं काम धर्मामामांचं. आगरी माणूस, उमेदीची वर्षं मिठागरात गेलेली, तळहात खरवडलेल्या तव्यासारखे. प्रत्येक थप्पीत एक लोखंडी सळई खुपसलेली असायची. सकाळी आणि दिवेलागणीला मामा ती उपसायचे, आत असलेला भाग नुसत्या मुठीत धरायचे आणि पाच आकडे मोजायचे. पाचपर्यंत धरवली तर थप्पी ठीक. नाही धरवली तर लगेच फोडायची. वखार कधी जळली नव्हती.

मग मुंबईहून एक एजंट दोन यंत्रं घेऊन आला. एकात उष्णतेने वितळणारी तार होती. ती तुटली की घंटा वाजायची. दुसऱ्याला काचेचा डोळा होता. ज्वाळा दिसली की घंटा. शेठना डोळाच आवडला. चार लोकांना दाखवायला बरा, म्हणाले.

मामा म्हणाले, "शेठ, गवताची आग पोटान आसते. जाल भायेर दिसला म्हंजे सगला संपला. डोल्याला काय कलनार? हाताला कलते."

"म्हातारा पोटासाठी बोलतोय," शेठ एजंटला म्हणाले. "लावू या शर्यत. डोळा हुशार की हात?"

पुढची युक्ती माझी. कुणी सांगितली नव्हती मला. शेठ हसतील, खूश होतील आणि कायम करतील, एवढंच डोक्यात होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी एजंटने डोळ्यासमोर काडी ओढली. घंटा ठणाणा वाजली. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मग मामांची पाळी. त्याआधीच मी बाहेरच्या चहाच्या शेगडीत एक सळई तापवून ठेवलेली. लाल नाही, लाल दिसली असती तर कळलं असतं. टोकाला फडकं धरून मी ती पुढे केली. "मामा, सातव्या थप्पीची. मीच काढली, घ्या."

मामांनी माझ्यावर विश्वास ठेवून मूठ आवळली. कातडी चिकटली. तरी तोंडातून "एक, दोन" निघालंच, सवयीने.

सगळे हसले. मीही हसलो.

मामा मात्र ओरडले नाहीत. सळई टाकून सातव्या थप्पीकडे धावले. "फोरा! आत पेटलंय!" त्याच हाताने गासड्या ओढू लागले. गासड्यांना रक्त लागत होतं आणि हसून हसून शेठच्या डोळ्यांत पाणी आलेलं. थप्पी मधोमध फुटली. मामांनी आत हात घातला आणि तसेच उभे राहिले.

"थंड हाय," ते म्हणाले. मग माझ्याकडे बघून, अगदी लाजल्यासारखे, "माजा हात चुकला रं."

मी खरं सांगितलं नाही. मामा त्याच दिवशी स्वतःहून काम सोडून गेले. हात चिघळला, धनुर्वात झाला आणि पंधरवड्यात गेले. शेठनी वखारीत डोळा बसवला आणि मला कायम केलं.

आता यापुढचं. मामा गेल्याचं कळलं त्या दिवशी मी वखारीत शिरलो आणि घंटा वाजली. बाहेर आलो, बंद. परत आत... परत घंटा. एजंटला बोलावलं. त्याने वायरी, बॅटरी, काच सगळं तपासलं; दोष नाही. इतर कुणी गेलं तर यंत्र गप्प. शेवटी त्याने मला डोळ्यासमोर हात धरायला लावला. डावा धरला, काही नाही. उजवा उघडला आणि घंटा थांबेचना. हातात काही नव्हतं. एजंटने माझा तळवा चाचपला, म्हणाला, "थंड आहे."

शेठनी मला कामावरून काढलं. वखारीत मात्र चेष्टाच झाली. घंटेला माझंच नाव पडलं.

दोनेक महिन्यांनी, भर दुपारी, घंटा वाजली. मी त्या वेळी कोपर गावात घरी जेवत होतो. हमालांनी नंतर सांगितलं, घंटा बराच वेळ वाजत होती. सावलीत पत्ते खेळत बसलेले शेठ म्हणाले, "कारकून आला असेल पाया पडायला. वाजू दे." कुणी उठलं नाही. सातव्या थप्पीचं पोट फुटून जाळ छपराला लागला, तेव्हा उठले. संध्याकाळपर्यंत वखारीच्या जागी राख होती.

थप्पी का पेटली, ते सांगता येतं. मामांनंतर सळया कुणी उपसल्याच नव्हत्या. माझ्या रिकाम्या हातात त्या यंत्राला काय दिसलं, ते मला आजही सांगता येत नाही.

नातवाने शेवटी ज्वाळेचंच यंत्र घेतलं. उद्या दुकानात त्याची पूजा आहे, आजोबांच्या हातून नारळ फोडायचा म्हणतोय. गुडघे दुखतात म्हणून सांगितलंय.