ज्या सकाळी मी चार्ज दिला

खंडोबावर माझी श्रद्धा लहानपणापासून होती, पण त्याच्यावर काम सोपवून आपण निवांत बसावं इतकी ती कधीच नव्हती. उदगीरच्या आमच्या घरी लग्नकार्यानंतर खंडोबाचं जागरण व्हायचं. वाघ्या-मुरळीची गाणी चालू असायची आणि मी पेंगायला लागले की आई माझं डोकं मांडीवर घेऊन म्हणायची, "नीज तू. जागा हाय त्यो." तेवढ्या शब्दावर मी गाढ झोपायचे. पुढे सैन्यात नर्स झाले आणि ती झोप गेली ती गेलीच.

डोंगरातल्या युद्धात आमचं हॉस्पिटल तंबूंमध्ये होतं. तोफांनी जमीन हादरायची आणि सलाईनच्या बाटल्या एकमेकींवर आपटायच्या. जखमी जवान आत आला की एकच विचारायचा, "सिस्टर, मी वाचेन ना?" याचं उत्तर नर्सिंगच्या कुठल्याही वर्गात शिकवत नाहीत. मी आईचंच वाक्य थोडं फिरवून सांगायचे, "डोळे मीट. मी जागी आहे." ते डोळे मिटायचे. बहुतेकांनी पुन्हा उघडले. एका कोवळ्या जवानाने मात्र माझा हात धरून, अगदी शहाण्यासारखे डोळे मिटले आणि ते परत उघडलेच नाहीत. मी जागी राहून त्याचा काय उपयोग झाला? मी त्याला खोटा दिलासा दिला का? ही शंका मी गणवेशाबरोबर परत घेऊन आले.

नंतर नांदेडच्या एका हॉस्पिटलात मी मेट्रन झाले. माझ्या चपलांचा आवाज आला की वॉर्ड आपोआप सरळ व्हायचा. चादरीला सुरकुती दिसली तर मी पलंग पुन्हा लावायला सांगायचे. नातेवाईक जखमेला लावायला भंडारा घेऊन यायचे, तो दाराबाहेर ठेवायला लावायचे. "देवाला बाहेर थांबा म्हटलं तर तो ऐकतो. जंतू ऐकत नाहीत," असं मी म्हणायचे आणि आजही म्हणेन. माझ्या हाताखाली शिकलेल्या मुली मला घाबरायच्या, पण त्यांच्या पेशंटना पडून राहून कधी पाठीवर जखमा झाल्या नाहीत. पाळी संपली तरी पुढच्या सिस्टरला एकेका पेशंटचा चार्ज दिल्याशिवाय मी कुणाला घरी जाऊ द्यायचे नाही. याचा मला अभिमान आहे.

निवृत्तीनंतर माझ्याच हृदयाची झडप खराब झाली. ऑपरेशन लांबवलं तर जीव जाईल, असं डॉक्टरांनी तोंडावर सांगितलं. भावाची मुलगी जळकोटला शिक्षिका आहे. ती मला नांदेडला घेऊन गेली. मला दिलेल्या पलंगाची चादर चुरगळलेली होती, कोपरे लोंबत होते. मी तिथल्या सिस्टरला फैलावर घेतलं, पिशवी उचलली आणि त्याच दिवशी उदगीरला परत आले.

"आत्या, एका चादरीपायी जीव घालवून बसतीस का?" भाचीच्या डोळ्यात पाणी होतं.

चादर निमित्त होती हो. मला भीती वाटत होती. आता पलंगावर मी असणार होते आणि 'काळजी करू नका' असं म्हणणारं दुसरंच कुणीतरी. त्या शब्दांची किंमत माझ्याइतकी कुणाला ठाऊक होती?

पुढे अंगणापर्यंत चालतानाही दम लागायला लागला. भाचीने पिशवी भरली आणि या वेळी मीही निमूट निघाले. नांदेडच्या त्याच हॉस्पिटलच्या दारात तिने माझ्या कपाळाला भंडारा लावला, तो आत जाताना मी पुसला. नियम तो नियम.

दुसऱ्या दिवशी सकाळी ऑपरेशनच्या टेबलावर एका सिस्टरने माझा हात हातात घेतला. लोहा तालुक्याकडची असावी, बोलण्यावरून कळत होतं. माझी बोटं सवयीने तिच्या मनगटावर गेली.

"मॅडम, माझी नाडी कशाला बघायल्या?" ती हसली.

"जरा जोरात आहे," मी म्हटलं.

"तुमची लई जोरात हाय." मग ती वाकली आणि हलकेच म्हणाली, "डोळे मिटा आता. जागी हाय मी."

तेच शब्द, आईच्याच बोलीत. जन्मभर घट्ट धरलेलं काहीतरी सैल झालं. खंडोबा, चार्ज घे बाबा, असं मनात म्हटलं आणि तिच्या नाडीवरचं बोट काढून घेतलं. आईच्या मांडीवर असायची तशी झोप मला लागली.

चार-आठ दिवसांनी ती वॉर्डात भेटायला आली, तेव्हा विचारलं, "असं सगळ्यांनाच म्हणतेस का गं?"

ती लाजली. "न्हाई मॅडम. त्या दिवशीच कसं तोंडात आलं, काय म्हाईत."

तिच्या तोंडी ते शब्द कुठून आले याचा शोध मी घेतला नाही. डोळे मिटले त्या क्षणी उठणार की नाही, हे मला ठाऊक नव्हतं आणि तरीही भीती उरली नव्हती. कुणीतरी जागं होतं, एवढं पुरलं. म्हणजे त्या तंबूतल्या जवानालाही तेवढं मिळालं असणार. मी त्याला फसवलं नव्हतं. माझी पाळी संपली तिथे दुसऱ्या कुणीतरी त्याचा चार्ज घेतला होता.

त्या दिवशी मी मनसोक्त रडले. तेवढ्यात ती सिस्टर माझ्या पायाकडची चादर नीट करायला वाकली. कोपरा तिनेही चुकीचाच दुमडला. मी बघितलं, आणि डोळे मिटले.