अडतीस पोरींच्या वेण्या

साकोलीहून हायवेनं थोडं पुढं गेलं की चर्चच्या सिस्टर लोकांचं मुलींचं बालगृह लागतं. अडतीस मुली, तीन सिस्टर, दोन न्हाण्या आणि एक आरसा. शाळेच्या वेळेला त्या आरशापुढं उडणारी झुंबड पाहून पुष्पाबाईनं पहिल्याच दिवशी कपाळावर हात मारला होता.

पुष्पाबाई रस्त्यापलीकडच्या गावातली. घरची धानाची शेती, नवरा सेवकराम अबोल, मुलगा प्रवीण त्याहून अबोल. पंचवीस वर्षं अंगणवाडीत मदतनीस म्हणून काढल्यावर ती रिटायर झाली. तिच्याकडं वेळच वेळ उरला, आणि तो सगळा सुनेच्या, रीताच्या, वाट्याला आला. भाजी अशी कायले चिरली, झाडू उभा काहून ठेवला. तीन महिन्यांत रीताचं तोंड एवढंसं झालं. शेवटी प्रवीणनंच तोंड उघडलं, "आई, त्या सिस्टरच्या इथं पोरीयच्या वेण्या घालाले कोनी पायजे म्हनतेत. जाऊन पाय ना."

शेजारच्या मनकर्णाबाईनं सावध केलं, "जाशील तं खरं, पन थे तुले त्याइच्या गान्यात बसवतील."

"मले आपल्याच भजनात कोनी बसवत नाई," पुष्पाबाई म्हणाली, "थे कायले बसवतील?" हे खरं होतं. तिचा आवाज सगळ्या गावाला ठाऊक होता.

तर पुष्पाबाई रोज सकाळी जाऊ लागली. अडतीस डोकी, शहात्तर वेण्या, लाल रिबिनी. आठवड्याभरात कोणाचा भांग वाकडा पडतो, कोण वेणी घालता घालता पेंगतं, सगळं तिला पाठ झालं. कोणाचे मायबाप वीटभट्टीवर दूर गेलेले, कोणाला मुळी कोणीच नाही. पण सगळ्या तिला मावशी म्हणायच्या, आणि वेणी घट्ट झाली की सगळ्या सारख्याच ओरडायच्या.

एका शनिवारी मुख्य सिस्टर एल्सी वऱ्हांड्यात येऊन उभ्या राहिल्या. त्या केरळच्या. इथं बारा वर्षं झालेली, मराठी झरझर बोलायच्या, फक्त स्त्रीलिंग-पुल्लिंग त्यांचं स्वतःचं असायचं.

"खूप ऊ झाला आहे," त्या म्हणाल्या. "उद्या न्हावी येणार. सगळ्यांचा केस कापायचा. बॉयकट."

मुलींनी एकच गलका केला. डिंपल नावाच्या सहा वर्षांच्या मुलीनं तर दोन्ही वेण्या तोंडात कोंबल्या.

"सिस्टर," पुष्पाबाई पुढं झाली, "उवा डोक्यात हायेत. त्यात केसाचा काय गुन्हा? मले एक महिना द्या."

सिस्टरनी विचार केला. "एक महिना. मग मी तपासणार. या घरात एक पण ऊ सापडला तर केस गेला."

"सापडली तं माह्यापासून सुरू करा!" पुष्पाबाईनं आवेशात सांगून टाकलं.

मग युद्ध सुरू झालं. औषध सिस्टरचं, फणी पुष्पाबाईची. उशांच्या खोळी मोठ्या गंजात उकळल्या, प्रत्येकीच्या टॉवेलवर नाव लिहिलं. दर रविवारी प्रार्थना आटोपली की वऱ्हांड्यात पांढरी चादर अंथरायची आणि एकेक डोकं घ्यायचं. पहिल्या रविवारी डिंपल जांबाच्या, म्हणजे पेरूच्या, झाडावर चढून बसली.

"मी नाई येत! मले माह्या उवा पायजे!"

पुष्पाबाईनं आरडाओरडा केला नाही. झाडाखाली फतकल मारून बसली नि पदरातले मुर्रे-फुटाणे खाऊ लागली. "राहा वरतच. मी खाऊन राहिली आरामात." निम्मे मुर्रे संपायच्या आत डिंपल खाली होती.

महिना भरला. सिस्टर एल्सी चष्मा लावून, हातात टॉर्च घेऊन खुर्चीवर बसल्या. पहिलं डोकं साफ. दहावं साफ. डिंपलच्या वेळेला पुष्पाबाईनं श्वास रोखून धरला, तेही साफ. अडतिसावं डोकं झालं तशा मुली टाळ्या पिटत नाचू लागल्या. तेवढ्यात गुड्डी, जिला गप्प बसणं कधी जमलंच नाही, ती ओरडली, "सिस्टर, मावशीचं राह्यलं!"

पुष्पाबाई हसत हसत बसली, अंबाडा सोडला. "पाहा, पाहा. बासष्ट वर्सं झाले, या डोक्यात..."

टॉर्च थांबला.

"पुष्पाबाई, हा काय आहे?"

"कोंडा असंन."

"कोंडा चालत नाही, पुष्पाबाई. हा चालतो."

अडतीस मुलींचे हात आपापल्या वेण्यांवर गेले. पुष्पाबाईचे कान तापले. महिनाभर दुसऱ्यांची डोकी मांडीवर घेतली, आपल्याकडं पाहायचं सुचलंच नाही.

सिस्टरनाच कसंनुसं झालं. "जाऊ द्या. औषध लावू."

"नाई सिस्टर. सबद म्हंजे सबद. पोरीयचे डोके साफ हायेत, माहं नाई. मंग माहेच केस कापा, पोरीयले हात लावू नका."

सिस्टरनी दोनदा विचारलं, मग कात्री आणली. लहानपणी घरी चार भावंडांचे केस त्यांनीच कापलेले. हात सफाईदार होता. गुड्डीनं समोर आरसा धरला. पुष्पाबाईनं डोळे घट्ट मिटले ते शेवटी उघडले. आरशातली बाई तिला तिच्या थोरल्या भावासारखी दिसली.

डोक्यावर पदर ओढून ती घरी निघाली, तर हायवेवरच्या एका ट्रकच्या वाऱ्यानं तोही उडवला. मनकर्णाबाई दारातच होती.

"तिरुपतीले कवा गेलती वो?"

"आत्ताच आली. लाडू संपले."

अंगणात सेवकराम दोरी वळत होता. त्यानं मान वर केली, तिच्याकडं पाहिलं आणि अदबीनं विचारलं, "कोन पायजे, बाई?"

"तुमीच पायजे! च्या ठेवा."

आवाज ऐकून रीता बाहेर आली. तिनं तोंडावर हात ठेवला, पदराचा बोळा तोंडात धरला, तरी जमेना. उंबरठ्यावरच बसून खदखदा हसू लागली. पुष्पाबाईनं डोळे वटारले. मग तिलाही फुटलं. दोघी डोळे पुसेपर्यंत हसल्या. हसू ओसरल्यावर रीता आतून फणी घेऊन आली.

"बसा आई. लिखा राह्यल्या असतीन."

पुष्पाबाई मुकाट्यानं पुढं बसली. सुनेचे हात हलके होते. इतके दिवस एका घरात राहून हे तिला ठाऊकच नव्हतं. झाडू कुठं कसा उभा होता, हे त्या दिवशी तिनं पाहिलंही नाही.

सोमवारी ती बालगृहात पोचली तर वऱ्हांड्यात सात मुली रांगेत उभ्या, आणि सगळ्यांत पुढं डिंपल.

"आमाले बी मावशीसारखे केस पायजे!" डिंपल म्हणाली. "वेनी नसली तं सकाळी लई वेळ झोपता येते."

"अवं माय! मंग महिनाभर मी कोनासाठी लढली?" पुष्पाबाई कडाडली.

"मी काय करू?" सिस्टर एल्सी कात्री हातात घेऊन कसंबसं हसू दाबत होत्या. "त्यांना तुमचा केस आवडला."

पुष्पाबाई खांबाला टेकून, तोंड फुगवून पाहत राहिली. डिंपलच्या वेण्या गेल्या. उजवी बाजू झाली, डावी झाली. पुष्पाबाईनं मान तिरकी केली, डोळे बारीक केले, आणि तिला काही राहवेना.

"द्या सिस्टर इकडं थे कात्री," ती म्हणाली. "डावीकडं लई वर गेले."