‘कोण गेलं’ वाजलं की

आमच्या घरात घड्याळ नव्हतं. हे सांगायला मला लाज वाटत नाही. मुरबाड तालुक्यात टोकावड्याच्या पुढं, रस्त्यापासून आत आमची बौद्धवाडी. आई-बाबा दोघं गवताच्या वखारीत कामाला. डोंगरावरचं गवत कापून तिथं यायचं, दाबून त्याच्या गठड्या बांधायच्या, मग ट्रक मुंबईच्या तबेल्यांकडं निघायचे. मुकादम उजाडताना हजेरी घ्यायचा. उशीर झाला की एवढंच म्हणायचा, “आज नको, उद्या या.” एकदा कोंबडा आरवला म्हणून दोघं निघाली आणि वखारीच्या बंद दारात थंडीत कुडकुडत बसून राहिली. दुसऱ्या दिवशी कोंबड्यावर भरवसा ठेवला नाही, तर मुकादमानं परत पाठवलं. त्या दिवशी आम्ही पेजेवर भागवलं.

मी सातवीत असताना एका ट्रक ड्रायव्हरनं बाबांना त्याचा जुना रेडिओ दिला. मागचं झाकण गायब, सेल सायकलच्या ट्यूबच्या पट्टीनं बांधलेले. ड्रायव्हर म्हणाला होता, “सकाळी सहाला पाच कमी असताना केंद्र चालू होतं. त्याचा टाइम कधी चुकत नाय.” दुसऱ्या दिवशी बाबांनी अंधारातच बटण पिळलं. बराच वेळ नुसती खरखर. मग मागं तंबोऱ्याचा झणकार आणि त्यावर व्हायोलिनची ती धून, केंद्र उघडताना रोज वाजते ती. तेव्हा आम्हाला तंबोराही माहीत नव्हता आणि व्हायोलिनही.

आई चुलीपुढं होती. फुंकणी तशीच हातात धरून तिनं विचारलं, “अवो, कोण गेलं?”

तिची चूक नव्हती. दोन-तीन वर्षांपूर्वी देशातला एक मोठा पुढारी मारला गेला, तेव्हा पोलीसपाटलाच्या रेडिओवर दुखवट्याचे सगळे दिवस अशीच रडकी वाद्यं चालली होती. रेडिओवर गाणं नसलं आणि नुसतं वाद्य वाजलं, म्हणजे कोणीतरी मोठं माणूस गेलं, एवढंच आईला ठाऊक.

बाबा हसून हसून खोकायला लागले. “अगो, कोणी नाय गेलं. रोजच वाजतं ते.”

“रोज रडतो? मंग कशाला घरात आनलाव?”

त्या दिवसापासून त्या धुनेचं नाव ‘कोण गेलं’ पडलं. आमच्या घरात आणि मग सगळ्या वाडीत. शेजारीण कुडाच्या पलीकडून ओरडायची, “कोण गेलं झालं का गो?” आई म्हणायची, “कवाच झालं, भाकरी पन झाल्या.” नवीन पाहुणा आला की दचकायचा. सेल उतरले की बाबा ते पत्र्यावर उन्हात तापत ठेवायचे, म्हणजे आणखी दोन-चार दिवस चालायचे. वखारीची हजेरी पुन्हा कधी चुकली नाही.

बारावीनंतर मी मुरबाडला कॉलेजात नाव घातलं. आमच्या वाडीतून त्याआधी कोणी गेलं नव्हतं, मुलगी तर नाहीच. कॉलेज सकाळचं. धून संपताना उठून भरभर आवरलं की रस्त्याला पहिली एसटी मिळायची. ती गेली की दुसरी मुरबाडला पोचेपर्यंत निम्मे तास होऊन गेलेले असायचे.

दुसऱ्या वर्षाला कॉलेजच्या वाचनालयात, एका जुन्या दिवाळी अंकात त्या धुनेवर लेख सापडला. ती बांधणारा संगीतकार युरोपातला. तिकडं त्याच्या जमातीच्या माणसांना वेचून मारायला लागले, म्हणून तो जीव वाचवून मुंबईला आला आणि रेडिओत नोकरीला लागला. स्वातंत्र्याच्या आधीची गोष्ट. पुढं तो इथूनही गेला, धून तेवढी राहिली. मी सगळं वहीत उतरवून आणलं आणि संध्याकाळी घरी वाचून दाखवलं.

बाबांनी विचारलं, “म्हंजे जातीपायी गाव सोडला त्यानं? तिकडं पन असतं?”

“तसंच काहीतरी.”

“मंग आपल्यातलाच की.”

आई तांदूळ निवडत होती. मान वर न करता म्हणाली, “घरदार गेलं त्याचं. मी पयल्याच दिशी इचारलं, तवा हसलाव मला.”

तिसऱ्या वर्षाला बाबांचा खोकला वाढला. गवताची धूळ छातीत बसली, असं सरकारी दवाखान्यात म्हणाले. घरात जे येई ते औषधांना जाई. नाताळची सुट्टी लागायच्या आधी बाबा गेले.

पुण्यानुमोदनाचा विधी झाला, पाहुणे गेले. दुसऱ्या सकाळी मी सवयीनं रेडिओकडं हात नेला. आईनं मनगट धरलं.

“नको लावू. ते मला इचारतं.”

तिनंच दिलेलं नाव होतं ते. रेडिओ फडक्यात गुंडाळून तिनं माळ्यावर टाकला. वाडीतही ते दोन शब्द कोणी उच्चारेना. शेजारीण नुसती कुडाशी येऊन उभी राहायची आणि परत जायची.

आणि माझी एसटी चुकायला लागली. कधी झोप लागून राहायची, कधी भलत्याच वेळी रस्त्यावर जाऊन उभी राहायचे. वखारीत आई आता एकटी जायची, तिलाही दोनदा परत पाठवलं. महिनाभरानं कॉलेजातल्या सरांनी मला बोलावलं. “हजेरी भरली नाही तर परीक्षेला बसता येणार नाही. आता एकही दिवस चुकवू नकोस.” घरी येऊन मी आईला जसंच्या तसं सांगितलं. रेडिओचं नाव काढलं नाही. ती भांडी घासत राहिली.

दुसऱ्या दिवशी दुपारी कॉलेजातून आले, तर पत्र्यावर सेल उन्हात ठेवलेले. चार. पडून पडून त्यांच्यावर चढलेली पांढरी भुकटी पुसलेली.

सकाळी धून वाजली. मी जागीच होते, पण डोळे किलकिले ठेवून पडून राहिले. आई चुलीपुढं पदराचा बोळा तोंडात धरून बसली होती; हुंदका दाबला की तिच्या घशातून येणारा आवाज मला कळायचा. धून फार मोठी नसते, पण त्या दिवशी संपता संपेना. मग तिनं डोळे पुसले आणि नेहमीच्या आवाजात म्हणाली, “उठ गो. गाडी जाईल.”

त्या दिवसापासून परीक्षा होईपर्यंत तिनं रोज रेडिओ लावला. एकही दिवस चुकवला नाही. ती रोज रडली आणि रोज मला उठवलं. मी एकदा म्हटलं, “आई, मी लावते, तू बाहेर जा तोवर.” तर म्हणाली, “तू तुझं बघ. माझं मी बघते.”

माझी हजेरी भरली. एप्रिलमध्ये सगळे पेपर दिले. जूनमध्ये निकाल लागला, तो बघायला बाबा नव्हते. मी दुसऱ्या वर्गात बी. ए. झाले. आमच्या वाडीतली पहिली पदवीधर मी.