सोड्यात तगलेलं एन्झाइम

बाबांची मिल बंद झाली त्या वर्षी आमच्या घरात कोणी फार वेळ एका जागी बसत नसे. आई गेल्यापासून आम्ही दोघंच. बाबा ब्लीचिंग खात्यात होते. पाळीची वेळ झाली की उठायचे, पुन्हा बसायचे, मग चपला सरकवून निघून जायचे. कुठे गेला होतात विचारलं तर म्हणायचे, "इथेच, जरा घूम के आलो."

मी मायक्रोबायॉलॉजीत एम.एस्सी. करून इंदूरच्या पोलोग्राउंडवरच्या एका लहानशा कारखान्यात लागले होते. तिथे कपडे धुण्याची पावडर बनायची. पलासियाच्या दुकानांत तेव्हा परदेशी कंपन्यांच्या पावडरी दिसू लागल्या होत्या. त्यांच्यात एन्झाइम असायचं, म्हणजे दुधाचे, अंड्याचे, रक्ताचे डाग कुरतडून काढणारं प्रथिन. आमच्यात नुसता सोडा आणि फेस. शेठजी म्हणाले, "बेटा, अपने को भी डालना पड़ेगा, नहीं तो अपना भी मिलों जैसा हाल होगा."

विकत आणलेलं स्वस्त एन्झाइम आमच्या सोड्यात पडून पडून निकामी व्हायचं. मग मी हट्टाला पेटले. धोबीघाटावरच्या मातीत वर्षानुवर्षं सोड्याचं पाणी मुरलेलं, तिथले जिवाणू आणून वाढवले. त्यांच्यावर अतिनील दिवा धरायचा. बहुतेक मरायचे, थोडे बदलून जगायचे. त्या जगलेल्यांना सोडा घातलेल्या दुधाच्या पांढऱ्या थरावर पसरायचं. ज्याच्याभोवती दूध विरघळून स्वच्छ वर्तुळ उमटेल, त्याचं एन्झाइम सोड्यात तगतं. पण वर्तुळ उमटतच नव्हतं. घरी जेवताना माझा घास हातातच राहायचा. बाबा अर्ध्या जेवणातून उठून खिडकीशी जायचे. दोघंही कशाची तरी वाट बघत होतो आणि एकमेकांना विचारत नव्हतो.

दिवाळीनंतर एका सकाळी ते वर्तुळ दिसलं. मी ते आधी कोणाला सांगितलंच नाही. कारखान्याच्या आवारात दोन चकरा मारून आले, पुन्हा पाहिलं, मग शेठजींना बोलावलं.

पावडर चालली. पॅकिंगला आणखी माणसं घ्यायचं ठरलं. बाबांच्या कानावर गेलंच.

"मी येतो," ते म्हणाले.

"बाबा, ते तुमचं काम नाही."

"मग माझं काम कुठलं, ते तरी सांग."

पुढच्या आठवड्यापासून आम्ही एकाच टेम्पोतून जाऊ लागलो. टेम्पोत ते माझ्याशी बोलायचे, कारखान्यात मात्र 'मॅडमजी' म्हणायचे.

थोड्याच दिवसांत त्यांना खोकला लागला. डोळ्यांतून पाणी, रात्री धाप. रविवारी बरं वाटायचं, सोमवारी दुपारपर्यंत पुन्हा तेच. डॉक्टर म्हणाले, मिलमधल्या कापसाचा जुना त्रास असेल. बाबांनी लगेच होकारार्थी मान हलवली. माझ्या पावडरीवर ठपका यावा असं त्यांना वाटत नव्हतं. पण पॅकिंगच्या दोन बायाही तशाच खोकत होत्या, आणि त्या कधी मिलमध्ये गेलेल्या नव्हत्या. मी कॉलेजच्या लायब्ररीत जाऊन वाचलं. एन्झाइमची बारीक धूळ श्वासात गेली की काहींचं शरीर तिला शत्रू समजू लागतं, आणि मग चिमूटभरही पुरते.

मी शेठजींकडे गेले. "हे मिसळणं बंद करावं लागेल."

"बेटा, माल मार्केट में चल रहा है."

"मग जिवाणूंचं कल्चर मी देणार नाही. कल्चर नाही तर पुढचा घाणा नाही."

ते किल्ल्यांचा जुडगा हातात फिरवत राहिले. मी म्हटलं, मोठ्या कंपन्या एन्झाइमचे मेणाचा थर दिलेले दाणे विकतात, ते उडत नाहीत, तेच विकत घेऊ. तसे दाणे करायचं यंत्र आपल्याकडे नाही.

"और तेरा वाला?"

"माझं बंद."

होकार यायला चार-सहा दिवस गेले. त्या दिवसांत मी पॅकिंगच्या शेडमध्ये कोणाला पावडरीला हात लावू दिला नाही. होकार आला तसे मी माझे सगळे जिवाणू ऑटोक्लेव्हमध्ये, म्हणजे वाफेच्या दाबाने सगळं मारून टाकणाऱ्या भांड्यात, ठेवले आणि वाफ चढेपर्यंत बाहेर येरझाऱ्या घालत राहिले.

बाबा चिडले. "माझ्यासाठी केलंस?"

"त्या बायांसाठीही."

"आणि आता मी कुठे जाऊ?"

आता त्यांना त्या धुळीची चिमूटही पुरली असती, त्यामुळे पॅकिंगमध्ये परत जाता येणार नव्हतं. तो हिवाळा आम्ही जेमतेम बोललो. मग लालबागेतल्या मेळ्यासाठी मंडप घालणाऱ्या एका टेन्ट हाउसवाल्याला पांढरे पडदे नि चादरी धुवून घेण्यासाठी जाणता माणूस हवा होता, तिथे ते लागले. मी जाऊन पाहून आले. तिथे पावडर नाही, बार साबणच वापरायचे. बाबांचा खोकला हळूहळू उतरला.

पुढे मी इंदूर सोडलं. दुसऱ्या शहरातल्या एका मोठ्या प्रयोगशाळेत मुलाखतीला बोलावलं होतं. तिथे एन्झाइमच्या साखळीतली एकच कडी नेमकी बदलून त्याला सोडा सोसायला शिकवत होते. जे मी दिवा धरून नशिबावर सोडत होते, ते हे लोक ठरवून करत होते. मला तिथे काम करायचंच होतं. शेवटी त्यांनी विचारलं, तुम्हाला काही विचारायचंय का?

मी म्हटलं, "पॅकिंग कुठे होतं, ते आधी दाखवा."