कंपनी मोठी झाली त्याचे पेढे

आमची फ्रेंच कंपनी मूळची एका लहान गावातल्या औषधाच्या दुकानातून वाढलेली. सिंगापूरच्या लॅबमध्ये शिरताना भिंतीवर तिचा इतिहासच लावला होता: आधी खोकल्याचं औषध, मग कारखाना, मग एकेक कंपनी गिळत अर्ध्या जगात पसारा. मी तिथे क्षयाच्या नव्या औषधावर काम करायचे. तो इतिहास मी नागपूरला फोनवर दादाला रंगवून सांगायचे. दादाला, माझ्या थोरल्या भावाला, नेहमीच्या औषधांना दाद न देणारा क्षय झाला होता. एसटीतली कंडक्टरकी सुटली होती आणि गोळ्यांनी पोटात अन्न ठरत नव्हतं.

"तुझ्या साहेबांना म्हणावं, हात चालवा जरा," तो म्हणायचा.

"अरे, अजून बरीच वर्षं लागतील."

"लागू दे. तोवर ह्या गोळ्या गिळतो."

कंपनीनं अमेरिकेतली एक मोठी कंपनी विकत घेतली तेव्हा मला कोण आनंद! कंपनी वाढली की आमचं कामही वाढणार, असा माझा सरळ हिशोब. आपल्याकडे चांगली बातमी कोरड्या तोंडानं सांगत नाहीत. मी सेरंगूनच्या भारतीय बाजारातून पेढे आणले आणि लॅबभर वाटले. शेजारच्या टेबलावरची चिनी बाई पेढा हातात धरून बसली.

"आमची जुनी कंपनी ह्यांनी अशीच घेतली होती," ती म्हणाली, आणि पुढच्या वाक्याला सिंगापुरी 'लाह'चं शेपूट जोडलं. "निम्मी लॅब बंद केली, लाह."

काय अभद्र बोलते ही, मी मनात म्हटलं.

काही महिन्यांनी आम्हाला मीटिंगला बोलावलं. नव्या कंपनीची कॅन्सरची औषधं जोरात होती. क्षयात नफा नाही, म्हणून ते काम बंद. गरिबांचा आजार ना मेला! उंदरांवर चांगला गुण दाखवणारं आमचं औषध फ्रीझरमध्येच राहिलं, आणि मला कॅन्सरच्या कामावर घेतलं. माझा नुसता संताप झाला होता.

घराजवळच्या तोआ पायोह स्टेशनला उतरून आमच्या इमारतीखालच्या बाकावर बसले आणि दादाला फोन केला. त्यानं सगळं ऐकून घेतलं. "तुझी नोकरी शाबूत आहे ना? मग झालं तर," एवढंच म्हणाला.

आठवड्याभरानं वहिनीचा फोन आला. दादानं गोळ्या बंद केल्या होत्या.

"तुम्हीच समजवा त्यांना," ती रडत म्हणाली. "म्हणतात, एवढ्या मोठ्या कंपनीला परवडत नाही, तर मी एकट्यानं कशाला ओकाऱ्या काढत बसू?"