ओल्या अंगावरचं तेल

मागच्या हिवाळ्यात माझ्या पायांची कातडी अशी फुटली की साडीच्या निऱ्या पोटरीला अडकायच्या. नख ओढलं तर पांढरी रेघ उमटे. ऑफिसात टेबलाखाली एक पाय दुसऱ्यावर घासत बसायची सवय लागली, तेव्हा शेजारच्या बाईंनी विचारलंच, "मॅडम, मच्छर है क्या?"

दुखणं माझं होतं, पण त्याच वर्षी मिस्टर रेल्वेतून रिटायर झाले होते. आयुष्यभर मालगाड्यांचे कागद तपासलेल्या माणसाला आता तपासायला मीच उरले होते. सकाळी चहासोबत ते मोबाइल घेऊन बसत आणि माझ्या पायांवर जगभरातल्या तज्ज्ञांचं मत घेत.

"तू चूप बस. मी पाहून राहिलो ना," हे त्यांचं ठरलेलं वाक्य.

आधी क्रीम आली. पंडरीच्या कापडबाजारात चादरी घ्यायला गेलो होतो. तिथल्या एका चकचकीत दुकानातल्या पोरीने यांच्या हातावर थेंबभर क्रीम चोळली आणि म्हणाली, "अंकल, आपकी स्किन तो बहुत यंग है." झालं! चादरी राहिल्या, क्रीम घरी आली. डबी कुंकवाच्या करंड्याएवढी. ती यांनी आपल्या कपाटात ठेवली आणि रोज बोटाच्या टोकावर मला प्रसाद द्यायला सुरुवात केली. "एवढीच लाव. महाग हाय." तेवढ्यात माझा एक घोटा जेमतेम भागायचा. आठ दिवसांत डबी संपली. पाय होते तसेच होते, फक्त त्यांना गुलाबाचा वास येत होता.

मग घरगुती उपाय सुरू झाले. दही लावलं, तर अंगाला दिवसभर कढीचा वास. मध लावला, तर मुंग्यांची रांग थेट पलंगापर्यंत. मुलीने पुण्याहून व्हिडिओ कॉल केला आणि कपाळाला हात लावला. "मम्मी, पापा को रोको! आप एक्सपेरिमेंट हो क्या?" आमची पोट्टी मराठी समजते सगळं, उत्तर मात्र हिंदीतच देते. यांनी फोन माझ्या हातून घेतला आणि तिला मधाचे गुण सांगितले.

एका रविवारी पिकलेल्या केळ्याचा लेप लावून मी अंगणात उन्हाला बसले होते. तेवढ्यात आमची भाजीवाली आली. ही बाई अभनपूरकडच्या गावाहून येते, माझ्याच वयाची. वर्षानुवर्षं आमच्या पायरीवर टोपली उतरवते. माझे पाय पाहून ती डोक्यावरची टोपली उतरवायची विसरली.

"ये का चुपरे हस, दीदी?"

"केळं फासलंय," मी म्हटलं.

"केरा ला खाए जाथे दीदी, चुपरे नइ जाय!" ती इतकी हसली की टोपलीतली मेथी हलली. मग पायरीवर बसून तिने सांगितलं, की कढत पाण्याने आंघोळ करायची नाही. कोमट पाणी घ्यायचं, आणि अंग खसाखसा न पुसता ओलं असतानाच तेल लावायचं. घरात जे असेल ते.

आत येऊन मी हे मिस्टरांना सांगितलं. "आता भाजीवाली स्किन स्पेशालिस्ट झाली काय?" ते म्हणाले. खोटं कशाला बोलू, मलाही तसंच वाटलं होतं. ज्या बाईला आपण रोज जुडीमागे भाव पाडायला लावतो, तिचा सल्ला फुकट मिळाला तर तो खोटाच वाटतो. आणखी आठवडाभर मी केळं फासलं.

केळी संपली तेव्हा लाजत लाजत तेलाची बाटली न्हाणीघरात नेली. साधं खोबरेल, थंडीत गोठलेलं. बाटली कोमट पाण्याच्या बादलीत बुडवली, आंघोळ केली आणि ओल्या पायांवर तेल चोळलं. पाचव्या दिवशी खाज थांबली. पंधरवड्यात निऱ्या सरळ पडू लागल्या.

मिस्टरांनी माझे पाय निरखले. "पाहिलं? क्रीमचा असर उशिरा येते."

मी खरं सांगितलं. त्यांनी पुन्हा एकदा माझे पाय निरखले. मग म्हणाले, "हव, हे तर मी तुले केव्हाचं सांगून राहिलो!"

संक्रांतीला मराठी मंडळाचा तिळगुळाचा कार्यक्रम झाला. यांनी माइक धरला आणि हिवाळ्यातल्या त्वचेवर वीस मिनिटं बोलले. कोमट पाणी, ओलं अंग, खोबरेल, सगळं क्रमाने. कुणीतरी विचारलं, "भाऊ, हे कुठून शिकलात?"

"निरीक्षण! रेल्वेची नोकरी केली आहे, डोळे उघडे ठेवावेच लागायचे."

टाळ्या पडल्या. तिसऱ्या रांगेत बसून मीही वाजवल्या. माझ्या ओठांवर भाजीवालीचं नाव आलं होतं, पण शेजारच्या वहिनी "किती हुशार हो तुमचे मिस्टर" म्हणाल्या, आणि मला ते आवडलं. म्हणून मी हसले.

दुसऱ्या दिवशी पायरीवर तिला सगळं सांगून टाकलं. वाटलं, रागावेल. तिने पालकाची जुडी हातात दिली आणि डोळे बारीक करून विचारलं, "साहब ह अपन देह मं चुपरथे के नइ, के खाली भाषण देथे?"

मी म्हटलं, "नुसतं भाषण."

त्या दिवशी मी भाव पाडला नाही.